मोडीत काढायच्या स्पोर्ट्स कारची किंमत कशी ठरवायची?

अर्धापाना
नमस्कार मंडळी. सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय, कारण विकणारा एकसारखा "दुसरं गिऱ्हाईक बघून गेलंय" असे निरोप धाडतोय.

गाडी एमजीबी जीटी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची पक्क्या छताची स्पोर्ट्स कार, १९७१ ची, क्रोम बंपरची. बरीच वर्षं शेडमध्ये उभी आहे. इंजिन बंद, टायर बसलेले, सीटा उंदरांनी खाल्लेल्या. ती रस्त्यावर आणायचा माझा विचार नाही. माझ्याकडे त्याच काळातली एमजीबी रोडस्टर (तिचीच उघडी आवृत्ती) आहे, ती चालती आहे आणि तिला ओव्हरड्राइव्हचा (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर) गिअरबॉक्स हवाय. या जीटीला तो आहे असं मालक म्हणतो. शिवाय तारांची (स्पोकची) चाकं आहेत, ती दिसतातच.

मालकाचं म्हणणं, "एकेक भाग विकलात तर माझ्या किमतीच्या दुप्पट सुटतील." त्याने यादीच हातात ठेवली, प्रत्येक भागापुढे नेटवरचा भाव लिहून. बेरीज बघून मन डळमळलं. पण दुप्पट सुटत असतील तर हा बाबा स्वतःच का खोलत नाही?

तर प्रश्न असा की न चालणाऱ्या गाडीची निव्वळ सुट्या भागांसाठी किंमत तुम्ही कशी लावता? आधी काय बघता आणि कशाकडे ढुंकूनही बघत नाही?

विघ्नसंतोषी
मेलेल्या म्हशीला मणभर दूध. पुढचे प्रतिसाद वाचायला जागा धरून बसलोय.

हिशेबनीस
ती यादी आधी बाजूला ठेवा. मालक खोटं बोलत नसेलही, पण अशा यादीचा पायाच कच्चा असतो.

नेटवर दिसतो तो मागितलेला भाव. विकल्या गेलेल्या वस्तूंचा भाव निराळा. लिलावाच्या संकेतस्थळांवर फक्त विकलं गेलेलं दाखवायची सोय असते, ती वापरून तीच यादी पुन्हा भरा. अर्ध्या ओळींपुढे लिहायला आकडाच सापडणार नाही, कारण ते भाग कोणी घेतलेलेच नसतात.

दुसरं म्हणजे यादी असं धरून चालते की शेवटचा स्क्रूसुद्धा विकला जाईल. प्रत्यक्षात चार-पाच भागांवर लोक तुटून पडतात, आणखी काही रडतखडत जातात आणि उरलेली गाडी तुमच्या गॅरेजात मुक्काम ठोकते. घरचे लोक तिला तुमच्या नावाने ओळखू लागतात.

आणि मजुरी. भाग काढा, धुवा, फोटो काढा, "अजून आहे का?" या निरोपांना उत्तरं द्या, खोकं शोधा, बांधा, पाठवा, कधी परतही घ्या. यादीत याला शून्य धरलेलं असतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. मालक खोलत नाही कारण त्याला हे काम फुकट करायचं नाही. तुम्ही का करणार?

माझी पद्धत साधी आहे. फक्त तेच भाग लिहितो जे नक्की जातील अशी मी पैज लावीन. त्यांचे विकले गेलेले भाव मांडतो, बेरजेचं अर्धं करतो, त्यातून गाडी ओढून आणायचा खर्च आणि शेवटी सांगाडा हलवायचा खर्च वजा करतो. उरतं ती वरची मर्यादा. बोली तिच्या खालून सुरू.

बोल्टतुटला
अर्धंच का? हा आकडा कुठून आला? विदा द्या.

हिशेबनीस
@बोल्टतुटला, विदा नाही, खरचटलेली बोटं आहेत. तुम्हाला स्वतःचे तास फुकट वाटत असतील तर अर्ध्याऐवजी पाऊण धरा. जागा भाड्याची असेल तर पावही जास्त होईल.

काकू_कार्ब्युरेटर
हिशेबनीसांशी बरीचशी सहमत, पण त्यांनी सगळ्यात मोठी गोष्ट सोडली. गाडी कुठली आहे?

एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली, पाच लाखांहून जास्त. इतक्या गाड्यांमागे सुट्या भागांचा एक अख्खा उद्योग उभा राहिला. ब्रेक, सस्पेन्शन, रबरं, वायरिंग, पत्रे, गालिचे सगळं आजही नवं मिळतं. ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ पासून आख्खी नवी बॉडी विकायला काढली, जुन्या डायांवरून दाबलेली. नवी विंग (चाकावरचा पत्रा) खोक्यातून मिळत असताना उंदराच्या शेडमधली गंजकी विंग कोण घेणार? म्हणून न चालणाऱ्या एमजीबीचा मोडीचा भाव लोकांना वाटतो त्याच्या कितीतरी खाली असतो. गाडी लोकप्रिय आहे म्हणून भाग महाग, हा तर्क इथे उलटा पडतो.

जुना भाग विकला जातो तो तीन कारणांनी. एक तर नवा मिळतच नाही. किंवा नवा मिळतो पण नीट बसत नाही, आकार चुकलेला असतो. किंवा तो भाग दुरुस्त करून विकणारे लोक जुना मोबदल्यात मागतात.

हे तिसरं लोक विसरतात. ब्रेक कॅलिपर, स्टार्टर, डायनॅमो, कार्ब्युरेटर, स्टिअरिंग रॅक हे दुरुस्त करून विकणारे तुमच्याकडून जुना नग मागतात, नाही दिला तर अनामत कापतात. त्यामुळे जाम झालेल्या कॅलिपरलाही थोडी किंमत असते. थोडी हं, यादीतल्याइतकी नाही.

टॉर्कमामा
काकूंना +१. या जीटीत पैसे कुठे आहेत ते सांगतो.

ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स पहिला. लेकॉक कंपनीचं युनिट आहे, तिसऱ्या आणि चौथ्यावर चालतं. चार सिंक्रोचा (चारही गिअर सहज पडतील असा) गिअरबॉक्स १९६७ च्या मार्क टू आवृत्तीपासून आला, म्हणजे तुमच्या रोडस्टरला हा सरळ बसायला हवा. पण डॅशवर किंवा दांडीवर स्विच दिसला म्हणून ओव्हरड्राइव्ह आहे असं धरू नका. स्विच कोणीही लावतं, आणि युनिट काढून विकल्यावर स्विच तसाच राहतो. गाडीखाली जा. गिअरबॉक्सच्या मागे युनिटचा फुगवटा, त्यावर लेकॉकची पट्टी आणि सोलेनॉइडकडे (युनिट विजेवर चालू करणारा भाग) जाणारी वायर दिसली पाहिजे.

आता वाईट बातमी. एमजीबीचा गिअरबॉक्स खालून निघत नाही. इंजिनसकट वर उचलावा लागतो, किंवा आधी इंजिन बाहेर. म्हणजे "फक्त गिअरबॉक्स द्या, बाकी तुमचं" असं म्हणालात तरी काम तेवढंच. हा तास-हिशेब बोलीत धरा.

तारांची चाकं दुसरी. मधला नट सोडवून चाक उतरवा आणि स्प्लाइन, म्हणजे चाक हबवर पकडणारे दात बघा. दात सपाट माथ्याचे असतील तर उत्तम. टोकदार झाले असतील तर चाकही गेलं आणि हबही. बहुतेक लोक चाकाला रंग मारून विकतात, स्प्लाइनला कोणी हात लावत नाही. आणि लक्षात ठेवा, तारांच्या चाकांचा मागचा अ‍ॅक्सल साध्या चाकांच्या अ‍ॅक्सलपेक्षा अरुंद असतो. तुमच्या रोडस्टरला साधी चाकं असतील तर नुसती चाकं उचलून भागणार नाही.

अर्धापाना
माझ्या गाडीला तारांचीच आहेत, स्प्लाइन चांगल्या अवस्थेत आहेत. म्हणजे सुटे संच म्हणून चालतील. खूप धन्यवाद मामा.

निळीनागमोडी
थोडी असहमती नोंदवते. "मोडीचा भाव कमीच" हे एमजीबीपुरतं ठीक, सगळ्या गाड्यांना लावू नका. माझ्याकडे डॅटसन २४० झेड आहे. तिचे भाग शोधायला बसा म्हणजे कळेल. सुरुवातीच्या गाड्यांना मागच्या हॅचमध्ये (वर उघडणारं मागचं दार) हवेसाठी दोन जाळ्या होत्या, पुढे त्या गेल्या. तो हॅच न कुजलेल्या अवस्थेत मिळाला तर लोक भांडतात. त्या वर्षांचं स्टिअरिंग, कन्सोल, गेजेस (डॅशवरचे मीटर), सगळ्याला मागणी. अशी गाडी इंजिनाशिवाय उभी असली तरी मी यादी गंभीरपणे वाचेन.

म्हणजे प्रश्न चालते की नाही हा नाहीच. प्रश्न असा की तिच्यात असं काय आहे जे दुसरीकडे मिळत नाही.

अडगळ
निळीनागमोडींचा मुद्दा पोर्शे ९१४ वरून पटेल. १९६९ ते १९७६ मध्ये बनली. बॅटरी इंजिनच्या कप्प्यात उजवीकडे, आणि तिचं आम्ल गळून खाली सस्पेन्शन धरणारा पत्राच खातं. त्यामुळे पुष्कळ ९१४ बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून संपलेल्या असतात. सांगाडा शून्य किमतीचा.

पण तीच गाडी दोन लिटरची असेल तर इंजिन, हेडं, १९७३ पासूनचा बाजूने शिफ्ट होणारा गिअरबॉक्स, काढता येणारं छत, हे सगळं मागणीतलं. आणि डी-जेट्रॉनिकचा, म्हणजे तिच्या इलेक्ट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शनचा, दाब मोजणारा सेन्सर, मुठीत मावेल एवढा डबा. इंजेक्शनच्या गाड्यांत असे छोटे डबेच खजिना असतात. मी पडीक ९१४ बघायला गेलो की आधी तो डबा जागेवर आहे का बघतो. कोणी कार्ब्युरेटर लावून इंजेक्शन फेकून दिलं असेल तर माझी बोली तिथेच घसरते.

सहा सिलिंडरची ९१४/६ तर वेगळीच गोष्ट, जेमतेम ३,३०० च्या आसपास बनल्या. ती मोडीत कोणी काढत नाही. काढायला घेतली तर लोक काढणाऱ्यालाच मोडीत काढतील.

बोल्टतुटला
हेच ट्रायम्फ टीआर ६ ला. ब्रिटनच्या बाजारातल्या गाड्यांना ल्यूकसचं पेट्रोल इंजेक्शन, अमेरिकेला जाणाऱ्यांना कार्ब्युरेटर. इंजेक्शनची टीआर ६ पडीक असेल तर मीटरिंग युनिट, थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर एकत्र आहेत का बघा. पूर्ण संच म्हणून विकला तरच अर्थ. एक तुकडा कमी असला की गिऱ्हाईक त्याच तुकड्यावर अडून बसतं.

गंजलेखक
रच्याकने, अल्फा रोमिओ स्पायडर कोणाला आठवत नाही का? अमेरिकन गाड्यांना १९६९ पासून १९८१ पर्यंत स्पिकाचा यांत्रिक इंजेक्शन पंप. वर्षानुवर्षं लोक तो काढून वेबर कार्ब्युरेटर लावत होते आणि पंप कोपऱ्यात टाकत होते. आता मूळ रूपात गाडी हवी असणारे तेच कोपरे धुंडाळतात. आज फेकलेलं उद्या मागितलं जातं, पण कधी ते कोणाला सांगता येत नाही. म्हणून त्यावर पैसे लावू नका.

जुनंतेसोनं
तुम्ही सगळे आनंदाने गाडी कापताय. १९७१ ची क्रोम बंपर जीटी, पिनिनफरिनाचा हात लागलेलं छत. १९७४ च्या शेवटी रबरी बंपर आले, गाडी उंच केली, रूप गेलं. ही त्याआधीची गाडी. ती उभी करायला घ्या, मोडायला नको. मोडलेली गाडी परत जोडून होत नाही.

टॉर्कमामा
@जुनंतेसोनं, भावना पोचल्या. वेल्डिंग कोण करणार?

जुनंतेसोनं
वेल्डिंग शिकता येतं.

टॉर्कमामा
सिलवर (दाराखालचा पेटीसारखा पत्रा) शिकू नका एवढंच सांगतो. एमजीबीला वेगळी चासी नाही. बाहेरचं सिल, आतलं सिल आणि खालची कॅसल रेल हे तिन्ही मिळून गाडी सरळ धरतात. ते कुजले असतील तर दारातल्या फटी बघा, वरची अरुंद आणि खालची रुंद झाली म्हणजे गाडी मध्ये वाकलीय. रोडस्टरमध्ये हे जास्त, जीटीला छताचा थोडा आधार असतो. शिवाय सीटमागच्या बॅटरीच्या पेट्या. त्या काळात दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्या असत, पेट्यांचा तळ हमखास गेलेला. हे सगळं ठीक असेल तर मीही म्हणेन मोडू नका. ठीक नसेल तर एका गाडीच्या भागांवर दोन गाड्या रस्त्यावर राहतात, त्यातही पुण्य आहे.

विघ्नसंतोषी
धागा आता श्रद्धा विरुद्ध वेल्डिंग. हलके घ्या.

काकू_कार्ब्युरेटर
जुनंतेसोनं यांचा मुद्दा थट्टेवारी नेऊ नका, त्यात हिशेबही आहे. आधी ठरवायला हवं की गाडी मोडीची आहे की दुरुस्तीची. दुरुस्तीची गाडी मोडीच्या भावाने मिळाली तर घ्या आणि तशीच पुढे विका. तिला पाना लावलात की किंमत खाली येते. अर्धवट खोललेली गाडी ही सगळ्यात स्वस्त गाडी, कारण घेणाऱ्याला कळत नाही काय हरवलंय.

चक्रपाणी
इंजिनबद्दल कोणी बोलेना म्हणून लिहितो. "इंजिन बंद" म्हणजे नक्की काय? वर्षानुवर्षं कोणी चालूच केलं नाही, ते एक. क्रँक फिरत नाही, ते दुसरं. ब्लॉक फुटलाय, ते तिसरं. मालक तिन्हीला एकच वाक्य वापरतो.

तपासायला जाताना प्लगचा पाना, टॉर्च आणि जमलं तर मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा न्या. प्लग काढा आणि आत बघा. सिलिंडरच्या भिंतीवर गंज दिसतो का? ऑइलची कांडी काढा. दुधाळ असेल तर पाणी मिसळलंय. रेडिएटरचं झाकण उघडा. थंड हवेच्या ठिकाणी अँटिफ्रीझशिवाय पाणी राहिलं असेल तर ब्लॉकच्या बाजूच्या गोल टोप्या बाहेर आलेल्या दिसतील, मग ब्लॉकला चीर शोधा.

इंजिन जाम असेल तर स्टार्टर मारायचा नाही, बॅटरी लावायचीच नाही. प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल ओता, वाट बघा, मग वरच्या गिअरमध्ये टाकून गाडी पुढे-मागे डोलवा. तसूभर हललं तरी चांगली खूण.

पण हे सगळं करूनही मी १७९८ सीसीच्या त्या इंजिनाला फारसे पैसे देणार नाही. बी सिरीज, म्हणजे याच घराण्यातली इंजिनं भरपूर आहेत. शिवाय हेडला एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या जागांमध्ये चिरा जातात, आणि ते हेड काढून धुतल्याशिवाय कळत नाही. जाम इंजिन म्हणजे मोबदल्याचा ब्लॉक आणि क्रँक, एवढंच धरा. फिरतंय म्हणून दुप्पट धरू नका, कारण विकताना घेणाराही तुम्हाला हेच प्रश्न विचारणार.

अडगळ
चक्रपाणींना पूरक: रोटरी इंजिनची (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो अशी) गाडी असेल, म्हणजे माझदा आरएक्स ७ वगैरे, तर "फिरतंय" याचाही काही अर्थ नाही. सील चिकटलेली असू शकतात, आणि साध्या कॉम्प्रेशन गेजने तिन्ही बाजू वेगळ्या कळत नाहीत. तिथे इंजिन शून्य धरूनच बोली.

सुनीलहर
अवांतर: कागदपत्रांचं काय? मला वाटतं धागाकर्त्याने सगळ्यात आधी हेच विचारायला हवं होतं.

हिशेबनीस
अवांतर नाही, कळीचा मुद्दा. मालकी सिद्ध होत नसेल तर मोडायलाही घेऊ नका. गाडी चोरीची निघाली तर तुमच्याकडे तिचे धुतलेले, क्रमाने लावलेले तुकडे सापडतील. नोंदणी मालकाच्या नावावर आहे का, तिच्यावर कर्ज आहे का, मोडीत काढल्याची नोंद कशी करायची, हे तुमच्या इथल्या नियमांप्रमाणे आधी बघा.

आणि एक वाईट प्रथा. पडीक गाड्या कधीकधी फक्त कागदांसाठी आणि चासी नंबराच्या पट्टीसाठी विकत घेतल्या जातात, म्हणजे दुसऱ्याच गाडीला ती ओळख चिकटवता येते. तसं कोणी विचारायला आलं तर दार लावून घ्या. पट्टी आणि कागद वेगवेगळे विकायची वस्तू नाही.

काकू_कार्ब्युरेटर
नंबरांचा प्रामाणिक उपयोगही असतो. जॅग्वार ई टाइपसारख्या गाडीत चासी, इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी यांचे नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळतात का याला फार मोल. अशा गाडीचं मूळ इंजिन वेगळं विकणं म्हणजे गाडीची निम्मी किंमत हाताने पुसणं. एमजीबीत याची तेवढी पर्वा नाही. अपवाद १९७३ ते १९७६ ची कारखान्यातली जीटी व्ही ८, फक्त २,५९१ बनल्या. आणि १९६७ ते १९६९ ची सहा सिलिंडरची एमजीसी. तिचं बॉनेट फुगवट्याचं असतं, पुढची बांधणीही वेगळी. मालकाला स्वतःला माहीत नसतं आणि साध्या एमजीबीच्या भावात जाते असं कधीतरी होतं.

विघ्नसंतोषी
आता या धाग्यामुळे प्रत्येक मालक बॉनेट फुगवून ठेवणार.

अर्धापाना
मंडळी, जाऊन आलो. काकूंच्या सल्ल्याने आधी मोडीची की दुरुस्तीची ते बघायला बसलो.

गाडीखाली पडलो तेव्हा टॉर्च लागलीच नाही, सिलमधून उजेड येत होता. कॅसल रेलला स्क्रू ड्रायव्हर टेकवला तो आत गेला. डाव्या दाराची फट वर बोटभर कमी. बॅटरीच्या पेट्यांतून जमीन दिसते. मामा म्हणाले तसं झालंय, ही दुरुस्तीची नाही.

ओव्हरड्राइव्ह मात्र आहे! लेकॉकची पट्टी, सोलेनॉइड, वायर, सगळं जागेवर. तेल टपकतंय, म्हणजे निदान तेल होतं. चाकांपैकी तीनच्या स्प्लाइन चांगल्या, एक गेलेली, सुटं चाक नाहीच. इंजिन हललं नाही. पहिल्या सिलिंडरमध्ये कॅमेऱ्यात लालभडक दिसलं. बॉनेट स्टीलचं आहे, चुंबक चिकटला. पुढच्या विंगा कुजल्या आहेत. काचा मात्र सगळ्या धड आहेत, मागचं दार पण बरं आहे. कागद मालकाच्या नावावर, कर्ज नाही.

हिशेबनीसांच्या पद्धतीने मांडलं. गिअरबॉक्स, तीन चाकं, हब, कार्ब्युरेटरची जोडी, गेजेस. बाकी काही लिहायला हात धजेना. अर्धं करून खर्च वजा केला तर मालकाच्या किमतीच्या पावाच्या आसपास येतं. तो हसला. म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक पूर्ण किंमत देतंय. आता काय करू?

बोल्टतुटला
दुसरं गिऱ्हाईक कधीच नसतं. वाट बघा.

चक्रपाणी
बॉनेटसाठी चुंबक नेलात, छान. १९७० च्या आधीच्या गाड्यांना अ‍ॅल्युमिनियमचं असायचं, त्याला भाव आहे. तुमचं नंतरचं, त्यामुळे सोडा.

निळीनागमोडी
एक विचार. हिशेबनीसांची पद्धत विकणाऱ्यासाठी आहे, तुम्ही वापरणारे आहात. तुम्हाला गिअरबॉक्स विकायचा नाही, लावायचा आहे. तर त्याला अर्ध्याने का मोजता? तो वेगळा, दुरुस्त केलेला घ्यायला गेलात तर किती पडेल, त्यातून याच्या दुरुस्तीचा खर्च वजा करा, आणि येईल तो आकडा पूर्ण धरा. चाकांचंही तसंच. बाकी सगळं अर्ध्याने. कदाचित पावाऐवजी तिसरा हिस्सा येईल.

हिशेबनीस
मान्य. ही दुरुस्ती मी माझ्या पद्धतीत घेतो. फक्त गिअरबॉक्स उघडल्यावर खराब निघू शकतो हे विसरू नका. उभ्या गाडीतल्या ओव्हरड्राइव्हची चाचणी घेता येत नाही, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च कमी धरू नका.

काचघर
वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. दुसरं गिऱ्हाईक असतं. मी आहे.

पूर्ण किंमत मी कबूल केलेली नाही, मालक वाढवून सांगतोय. मी एक जीटी उभी करतोय, तिला मागचं दार, बाजूच्या काचा आणि समोरची काच हवी आहे. तुम्हाला माहीत असेलच, जीटीची समोरची काच रोडस्टरपेक्षा उंच असते, तिची तुम्हाला काडीची गरज नाही. आणि मला तुमच्या गिअरबॉक्सची गरज नाही, माझ्याकडे आहे. मीसुद्धा मनात हिशेब करून तिसऱ्या हिश्शावरच अडलो होतो.

दोघांचे तिसरे हिस्से एकत्र केले तर?

विघ्नसंतोषी
बोल्टतुटला यांनी माफी मागावी. :)

बोल्टतुटला
मागितली. पण हे पहिलंच उदाहरण आहे.

टॉर्कमामा
वा! हाच खरा मोडीचा भाव. एका माणसाच्या गरजेने गाडी परवडत नाही, दोघांच्या गरजेने परवडते. फक्त आधी लिहून काढा कोणाचं काय, आणि कोणाला नको असलेल्या भागांचं काय. मैत्री गेजेसवरून तुटते. आणि काचा आधी काढा, इंजिन उचलायच्या आधी. क्रेनची साखळी एकदा डोलली की काचघर यांचं नावच उरेल.

अर्धापाना
@काचघर, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

काचघर
उत्तर दिलं. पुढच्या आठवड्यात दोघं मिळून मालकाकडे.

जुनंतेसोनं
काच आणि दार एका जीटीत जाणार असतील तर माझी तक्रार नाही. काचघर यांच्या गाडीचे फोटो टाका.

अर्धापाना
शेवटचं कळवतो. मालकाने दोघांना एकत्र बघून खुर्ची मागवली. बेरजेपेक्षा थोडं खाली सौदा झाला, कारण टायरमध्ये हवा धरत नव्हती आणि ट्रेलरचा खर्च आम्ही त्याच्यासमोर मोठ्याने मोजला. गाडी काचघर यांच्याकडे जाईल, त्यांच्याकडे जागा आहे. काचा आणि दार त्यांचं. गिअरबॉक्स, चाकं, हब, अ‍ॅक्सल माझा. कार्ब्युरेटर विकून ट्रेलरचे पैसे भरायचे. इंजिन दुरुस्तीवाल्याला मोबदल्यात. सांगाडा भंगारवाल्याकडे, नोंदणी रद्द करायचा अर्ज मालकाने आमच्यासमोर भरला.

टाकीत अजून जुनं पेट्रोल आहे, वार्निशसारखा वास येतोय. ते कसं काढावं?

चक्रपाणी
हाताच्या पंपाने, उघड्यावर, बॅटरी नसताना. खाली टाकी सोडवून ओतू नका, त्या काळची टाकी गंजलेली असू शकते, हातात येईल. काढलेलं पेट्रोल दुसऱ्या गाडीत घालू नका, धोकादायक कचरा घेणाऱ्यांकडे द्या. आणि टाकी रिकामी झाली म्हणून जवळ ग्राइंडर चालवू नका, वाफ पेट्रोलपेक्षा वाईट.

गंजलेखक
गेजेस कोणाच्या वाट्याला आलेत? यादीत दिसले नाहीत. स्मिथ्सचा टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा) धड असेल तर मला व्यनि करा, माझा सरळ शून्याखाली जातो.